पिंग लागतोय, पण मशीन उठत नाही

ऑगस्ट 2019 च्या महापुरानंतर सांगलीत जे काही बंद पडलं त्याचं खापर पुरावर फुटत होतं, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही होतं. वायरिंग, फ्रिज, इन्व्हर्टर, दुकानातले इलेक्ट्रॉनिक काटे, सगळ्यात पाणी शिरलं होतं. त्यामुळे ओळखीच्या एका पॅथॉलॉजी लॅबमधून फोन आला आणि पलीकडून ‘सर्व्हर पुरानं गेला बघा’ असं ऐकलं, तेव्हा माझ्या डोक्यात आधी डिस्कच आली.

प्रत्यक्षात सर्व्हरला पाणी लागलंच नव्हतं. आयर्विन पुलाजवळची पातळी 45 फुटांच्या धोक्याच्या खुणेकडे सरकायला लागली तेव्हाच लॅबच्या पोरांनी तो बंद करून वरच्या मजल्यावर नेऊन ठेवला होता. खाली राहिला तो फक्त बॅकअपचा नॅस, म्हणजे नेटवर्कवरून वापरायचा डिस्कचा डबा, आणि तो पूर्ण भिजला. या नॅसनं पुढे मला बराच फिरवला.

मांडणी साधी होती. एक जुना, इंटेलच्या झिऑन प्रोसेसरचा सर्व्हर, साधारण 2010-11 च्या काळातला, सेकंडहँड घेतलेला. त्यावर सेंटओएस 7 हे लिनक्स आणि केव्हीएम, म्हणजे खऱ्या मशीनच्या (होस्टच्या) पोटात आभासी मशीन (गेस्ट) चालवायची सोय. त्याच्या पोटात डेबियन या दुसऱ्या लिनक्सचा एक गेस्ट, ज्यात लॅबचं रिपोर्टिंगचं सॉफ्टवेअर चालायचं. नमुना आला की नोंद, तपासणी झाली की आकडे, आणि शेवटी पेशंटच्या हातात छापील रिपोर्ट, हे सगळं त्या एका गेस्टवर. पूर ओसरल्यावर लेप्टो आणि डेंग्यूच्या तपासण्यांची रीघ लागली होती आणि नेमका तेव्हाच हा गेस्ट बूट होताना अडकून बसायला लागला.

गेलो तेव्हा तिथल्या टेक्निशियन ताई अगदी शांत होत्या. ‘‘अहो, तो असाच करतो आता. लावून ठेवायचं आणि आपण नमुने घ्यायला लागायचं. येतो मग आपोआप.’’

‘‘किती वेळानं?’’

‘‘त्याचं काय खरं नाही. कधी दहा मिनिटं, कधी अर्धा तास. काल तर डॉक्टर आले तरी उठला नव्हता.’’

डॉक्टरांचं म्हणणं वेगळं. ‘‘पुराच्या आधी असं अजिबात नव्हतं हो. आणि लाइट दिवसातून चारदा जातीय, यूपीएसच्या बॅटऱ्या गेल्यात. म्हणजे हा तमाशा दिवसातून चारदा.’’

‘कधी दहा मिनिटं, कधी अर्धा तास’ हे ऐकून मी जरा सावध झालो. डिस्क खराब असेल तर होस्टच्या लॉगमध्ये वाचनाच्या चुकांची रांग लागते. सॉफ्टवेअर कुठल्या ठरावीक मुदतीनंतर नाद सोडत असेल तर दरवेळी तेवढाच वेळ लागतो, दीड मिनिट म्हणजे दीड मिनिट. इथं वेळ लहान-मोठा होत होता, आणि शेवटी मशीन धडधाकट उठत होतं. उठल्यावर दिवसभर काही तक्रार नाही.

होस्ट तपासला. डिस्कांचा जोड (रेड) ठीक, डिस्कची स्वतःची तब्येत-नोंद (स्मार्ट) ठीक, मेमरीच्या तक्रारी नाहीत. व्हर्श या गेस्ट सांभाळायच्या आज्ञेच्या यादीत गेस्ट ‘रनिंग’ दिसतोय. अर्थात या शब्दावर फार विसंबायचं नसतं. व्हर्शच्या मागे असलेल्या लिबव्हर्टच्या लेखी रनिंग म्हणजे गेस्ट चालवणाऱ्या क्यूएमयूची प्रोसेस जिवंत आहे एवढंच, आत काय चाललंय त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. म्हणून गेस्टचा सीपीयू किती खर्च होतोय ते पाहिलं. जवळपास शून्य. डिस्कवर वाचन-लेखन, तेही शून्य.

अडकलेल्या गेस्टच्या बाबतीत हा आकडा मी सगळ्यात आधी बघतो. गेस्टचा एक सीपीयू (व्हीसीपीयू) शंभर टक्क्यांवर असेल तर आत कोणीतरी गोल गोल फिरतंय: बूटलोडर, फर्मवेअर, किंवा कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभाच. डिस्क खदखदत असेल तर एफएसके, म्हणजे फाइलसिस्टीमची तपासणी, चालू असेल, गप बसून वाट बघावी. दोन्ही शून्य असेल तर गेस्ट काही करत नाहीये, कशाची तरी वाट बघतोय. मग प्रश्न एवढाच उरतो की कशाची.

पुढचं लक्षण आणखी बोलकं होतं. गेस्टला पिंग लागत होता, म्हणजे नेटवर्कवरून हाक मारली की तो ओ देत होता. एसएसएच केलं, म्हणजे दुरून लॉगिन करायला गेलं, तर मात्र तत्काळ ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’. म्हणजे बूटलोडर पार झाला, कर्नल उठला, मूळ फाइलसिस्टीम चढली, नेटवर्क कार्डाला आयपी मिळाला, आणि त्यानंतर कुठेतरी सेवा सुरू होताना गाडी थांबली. ‘बूट होत नाही’ या तक्रारीतला निम्मा रस्ता एका पिंगमध्ये कापला गेला. व्हर्टआयओचे (गेस्टसाठीच्या आभासी उपकरणांचे) ड्रायव्हर नाहीत, यूईएफआय आणि बायोसचा घोळ आहे, एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठे लावायची त्या यादीत) एसडीए लिहिलंय आणि डिस्क व्हीडीए झालीय, हे नेहमीचे संशयित इथंच बाद.

मग व्हर्ट-मॅनेजरमधून गेस्टचा पडदा उघडला. काळ्या पडद्यावर तळाशी एकच ओळ, तिच्या डाव्या टोकाला लाल चांदण्या इकडून तिकडे पळतायत: ‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग फॉर’, आणि पुढे आलटून पालटून दोन नावं. एकदा ओपनबीएसडी सिक्युअर शेल सर्व्हर (म्हणजे एसएसएचच), त्याच्यापुढे दीड मिनिटाची मुदत. एकदा आरसी डॉट लोकल कम्पॅटिबिलिटी, आणि त्याच्यापुढे ‘नो लिमिट’. सिस्टमडी, म्हणजे लिनक्समध्ये सेवा सुरू करणारा प्रोग्राम, त्याच्या सेवांना साधारण दीड मिनिटाची मुदत असते. आरसी डॉट लोकल, म्हणजे बूटच्या वेळी चालवायच्या आज्ञांची फाइल, हे जुन्या काळाचं शेपूट, त्याला मुदतच नसते. शिवाय लॉगिन प्रॉम्प्ट देणारी गेट्टी सेवा आरसी डॉट लोकल संपेपर्यंत थांबून राहते. ते संपलं नाही तर ना लॉगिन, ना काही. समोर बसलेल्या माणसाला मशीन मेलं असंच वाटणार.

मी ओळ नीट वाचता यावी म्हणून एस्केप दाबलं, एंटर दाबलं, दोन-चार वेळा आणखी दाबलं. आणि लॉगिन प्रॉम्प्ट आला.

‘‘बघा, तुम्ही आलात की चालतंय,’’ ताई म्हणाल्या. योगायोग समजून मी आत शिरलो.

आरसी डॉट लोकल उघडली. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याच्या माणसानं कधीतरी लिहिलेल्या ओळी: बॅकअपचा नॅस जोडून घेणं (माउंट), एक जादा नेटवर्क रूट, जुन्या तात्पुरत्या फाइली पुसणं, ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या प्रोग्रामकडून एक सोळा बाइटचं टोकन बनवून फाइलमध्ये ठेवणं, आणि शेवटी रिपोर्टची सेवा सुरू करणं. पहिली ओळ वाचली आणि सगळं जुळलं असं वाटलं. नॅस भिजून बंद पडलाय, माउंट त्याची वाट बघत बसतंय, डॉक्टर म्हणतात पुराच्या आधी असं नव्हतं. याहून सोपं काय असणार? माउंटची ओळ बंद केली, गेस्ट रीबूट केला, पडद्याकडे बघत राहिलो, मधे मधे एंटर दाबत राहिलो. अर्ध्या मिनिटात लॉगिन.

डॉक्टर लगेच पाकीट काढायला लागले. मी म्हटलं, थांबा, आज रात्री बंद करा आणि उद्या सकाळी कोणी काही न करता नुसतं बटण दाबून चालू करा, मग बघू. एकदा आपल्यासमोर उठला म्हणजे बरा झाला असं या जातीच्या बिघाडात धरता येत नाही. सकाळी फोन आला: पिंग लागतोय, रिपोर्ट नाही.

आता नॅस सुटला होता. मग मी गेस्टच्या डिस्कची प्रत काढून घरी आणली. माझ्या लॅपटॉपवर व्हर्ट-मॅनेजरमध्ये नवं मशीन बनवून तीच डिस्क लावली. झटक्यात बूट. पुन्हा केलं, पुन्हा झटक्यात. तेच कर्नल, तीच आरसी डॉट लोकल, तेच सगळं. म्हणजे दोष डिस्कवरच्या मजकुरात नव्हता, किंवा एकट्या मजकुरात नव्हता. होस्टनं गेस्टला जे यंत्र दाखवलं होतं त्यात काहीतरी फरक असणार.

दोन्ही मशिनांच्या लिबव्हर्टच्या एक्सएमएल व्याख्या बाहेर काढून शेजारी-शेजारी ठेवल्या. लॅबची व्याख्या फार जुनी, आधीच्या कुठल्या तरी होस्टवरून उचलून आणलेली. मॅक पत्ता, डिस्कचा मार्ग असले फरक सोडले तर नजरेत भरणारे दोन. माझ्याकडे सीपीयूसाठी होस्टचंच मॉडेल गेस्टला दिलेलं. लॅबमध्ये सीपीयूबद्दल एक अक्षर नाही, म्हणजे क्यूएमयूचा मूळचा ढोबळ सीपीयू. आणि माझ्याकडे एक जादा उपकरण होतं, जे मी मागितलंच नव्हतं: आरएनजी, मॉडेल व्हर्टआयओ. नव्या व्हर्ट-मॅनेजरनं ते स्वतःहून घातलेलं. रँडम नंबर जनरेटर, म्हणजे अंदाज न लागणारे आकडे पुरवणारा.

तोवर माझं लक्ष माउंटवर होतं. टोकनच्या ओळीकडे मी बघितलंही नव्हतं. सोळा बाइट बनवायला कुठं वेळ लागतो?

संशय पक्का करायचा तर गेस्टला हात न लावता त्याच्याकडे बघणं भाग होतं. तोवर माझ्या लक्षात आलं होतं की मी पडद्यासमोर बसून कळा दाबतो तेव्हा तो उठतो. म्हणून सीरियल कन्सोल. ग्रब या बूटलोडरच्या ओळीत शिरून संदेश दाबून ठेवणारा ‘क्वाएट’ काढला, कन्सोल टीटीवायएस0 या सीरियल पोर्टाला जोडला, आणि आरसी डॉट लोकलच्या डोक्यावर दोन ओळी घातल्या, जेणेकरून ती जी आज्ञा चालवेल ती कर्नलच्या संदेशांतच उमटेल. मग ग्राफिकल खिडकी पूर्ण बंद करून व्हर्श कन्सोलवरून बूट बघायला बसलो. सीरियल पोर्टावरून टाइप केलेलं कर्नलच्या लेखी कीबोर्ड नसतं, त्यामुळे तिथून डोकावलं तरी गेस्टला माझा स्पर्श जवळपास होत नाही.

हे सगळं लॅबच्या होस्टवर, रात्री, लॅब बंद झाल्यावर. ओळी सरकत गेल्या. नेटवर्क वर आलं. आरसी डॉट लोकल सुरू झाली. रूटची ओळ गेली, फाइली पुसून झाल्या, आणि मग ‘ओपनएसएसएल रँड’. तिथं थांबलं. पडदा स्तब्ध. मधे एसएसएचची दीड मिनिटाची मुदत संपून तो पडला, परत सुरू झाला, परत अडकला. कितीतरी वेळानं कर्नलची एक ओळ आली: ‘रँडम: सीआरएनजी इनिट डन’, म्हणजे कर्नलचा रँडम जनरेटर तयार झाला. आणि ती उमटल्या क्षणी सगळं एकदम मोकळं: टोकन झालं, एसएसएच उठला, रिपोर्टची सेवा उठली, लॉगिन आला. त्या ओळीच्या डावीकडच्या चौकटी कंसात बूटपासूनचे सेकंद असतात. आधीची ओळ पहिल्या दहा सेकंदांतली होती आणि ही चारशेच्या पुढची.

म्हणजे गेस्ट वाट बघत होता ती यदृच्छेची. लिनक्सचं कर्नल सुरू होतं तेव्हा त्याच्याकडे अंदाज न लागणारं असं काहीच नसतं. कीबोर्डच्या कळा किती अंतरानं दाबल्या, माउस कसा हलला, डिस्कचं उत्तर नेमकं कधी आलं, इंटरप्ट (उपकरणांनी सीपीयूला मारलेल्या हाका) कुठल्या क्षणी पडले, असल्या बारीक वेळांमधून ते एन्ट्रॉपी, म्हणजे अंदाज न लागणारा कच्चा माल, गोळा करत जातं आणि पुरेशी जमली की आपला रँडम जनरेटर तयार झाला असं जाहीर करतं. खऱ्याखुऱ्या कॉम्प्युटरवर हे सहसा लगेच होतं. गेस्टला मात्र ना कीबोर्ड, ना माउस, ना फिरती डिस्क, आणि काही काम नसेल तर इंटरप्टही मोजकेच. उन्हाळ्यात नळाला करंगळीएवढी धार यावी आणि त्याखाली हंडा लावून बसावं, तसं ते होतं. हंडा भरतो, पण कधी ते नळ ठरवतो. दहा मिनिटं की अर्धा तास, याचं उत्तर हेच.

आता माझ्या एंटरचाही अर्थ लागला. मी कळा दाबत होतो, दर दाबण्याच्या आणि सोडण्याच्या वेळेतून गेस्टला चार-दोन बिट मिळत होते. पडताळा घ्यायला होस्टवरूनच व्हर्शच्या सेंड-की आज्ञेनं गेस्टला नुसती शिफ्टची कळ पाठवत राहणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली. शिफ्टनं पडद्यावर काही उमटत नाही, कुठली आज्ञा चालत नाही. गेस्ट बूट केला, अडकू दिला, स्क्रिप्ट सोडली. काही सेकंदांत ‘सीआरएनजी इनिट डन’. परत केलं, परत तेच. कळा पाठवल्या की उठतो, नाही पाठवल्या की बसून राहतो.

घरी उलट बाजूनंही करून पाहिलं. लॅपटॉपवरच्या व्याख्येतून आरएनजी काढला आणि सीपीयू ढोबळ मॉडेलवर आणला. तीच प्रत, जी आधी झटक्यात उठत होती, ती आता तिथंच अडकली. दोन्हींपैकी कुठलंही एक परत दिलं की सुटली. हा प्रयोग करताना लॅपटॉपच्या माउसला हात लावायचा नाही हे पथ्य पाळावं लागलं, कारण नुसता बाण गेस्टच्या खिडकीवरून फिरला तरी त्याला खुराक मिळतो.

राहिला प्रश्न ‘पुराच्या आधी असं नव्हतं’चा. डेबियन 10, म्हणजे बस्टर, 6 जुलै 2019 ला आलं. पुरवठादाराच्या माणसानं जुलैतच येऊन गेस्ट डेबियन 9 वरून 10 वर नेला होता. त्यानं नंतर रीबूटही करून बघितला होता, फक्त होस्टसमोर बसून, गेस्टची खिडकी उघडून, लॉगिन करत. म्हणजे त्याच्याही हातून गेस्टला कळा मिळाल्या होत्या आणि तो उठला होता. त्यानंतर मशीन एकदाही बंद झालं नाही, ते थेट पुरात. कोणाचंही लक्ष नसताना बस्टरचं पहिलं बूट झालं ते पाणी ओसरल्यावर. पूर हे कारण नव्हतं, पुरानं फक्त बटण दाबलं होतं.

बस्टरमध्ये बदललं काय होतं? दोन गोष्टी. स्ट्रेचमधलं (म्हणजे डेबियन 9 मधलं) ओपनएसएसएल यूरँडम ही कर्नलची रँडम आकडे देणारी फाइल वाचायचं, आणि यूरँडम कधी थांबवून ठेवत नाही, तयारी झाली नसली तरी जे असेल ते देतं. बस्टरमधलं ओपनएसएसएल 1.1.1 मात्र गेटरँडम या सिस्टिम कॉलकडे (थेट कर्नलला केलेल्या मागणीकडे) जातं, आणि तो कॉल जनरेटर तयार होईपर्यंत मागणाऱ्याला उभं ठेवतो. दुसरं म्हणजे कर्नल. 2018 मध्ये सापडलेल्या एका दोषानुसार (सीव्हीई-2018-1108) कर्नल बूटच्या सुरुवातीला फार लवकर ‘मी तयार आहे’ म्हणत होतं. तो दोष दुरुस्त झाल्यावर कर्नल खरोखर तयार होईपर्यंत थांबायला लागलं. दोन्ही बदल सुरक्षेच्या बाजूनं योग्यच. फक्त, ज्याला कुठूनच एन्ट्रॉपी मिळत नाही अशा गेस्टची त्यात कोंडी झाली.

डेबियनवाल्यांना हे माहीत होतं. बस्टरच्या प्रकाशन-टिपांमध्ये स्वच्छ लिहिलंय की बूट काही मिनिटांपासून काही तासांपर्यंत अडकल्यासारखं वाटू शकतं, आरडीरँड ही रँडम आकडा देणारी आज्ञा असलेल्या 64 बिट सीपीयूंवर हा त्रास होत नाही, आणि व्हर्च्युअल मशिनांना होस्टकडून व्हर्टआयओ-आरएनजीनं एन्ट्रॉपी द्यावी. इंटेलनं आरडीरँड आणलं ते 2012 च्या आयव्ही ब्रिजपासून. लॅबचा झिऑन त्याच्या आधीचा. आणि होस्टला आरडीरँड असतं तरी गेस्टला ढोबळ सीपीयू दिल्यावर ते दिसलंच नसतं. नव्याकोऱ्या सर्व्हरवरही लोक याच खड्ड्यात पडतात ते यामुळे. प्रकाशन-टिपा कोण वाचतं म्हणा. पुरवठादाराच्या माणसाला वाचायला कोणी पैसे देत नाही.

उपाय एक्सएमएलमधल्या तीन ओळींचा. उपकरणांच्या यादीत आरएनजी, मॉडेल व्हर्टआयओ, आणि त्याचा स्रोत होस्टचं यूरँडम. जुन्या उदाहरणांत स्रोत म्हणून रँडम (यूरँडमसारखीच दुसरी फाइल) दिलेलं असतं, ते मी मुद्दाम टाळलं. सेंटओएस 7 च्या 3.10 कर्नलवर ते स्वतःच थांबवून ठेवतं. होस्ट नुकताच उठलेला असेल तर गेस्ट होस्टच्या दारात ताटकळत बसणार, आणि आपण जिथून निघालो तिथंच परत येणार. होस्टचं यूरँडम एकदा बीज पडल्यावर भरवशाचं असतं. गेस्टमध्ये काही बसवावं लागलं नाही. उपकरण दिसलं की ड्रायव्हर आपोआप चढतो आणि त्यातून आलेली एन्ट्रॉपी कर्नल पूर्ण मोजतं.

दुसरा मार्ग होता हॅवेज्डचा, म्हणजे गेस्टच्या आत एक छोटी सेवा बसवायची, जी सीपीयूच्या वेळांमधल्या चढउतारांतून एन्ट्रॉपी काढते. डेबियनच्या टिपांमध्येही तिचं नाव आहे. काम होतं. पण व्हर्च्युअल मशीनमध्ये सीपीयूच्या वेळा किती प्रामाणिक असतात यावर जाणत्यांमध्ये मतभेद आहेत, आणि होस्टकडे चांगला साठा असताना गेस्टला कोरड्या विहिरीत उतरवायचं कशाला? होस्ट आपल्या हातात असेल तर व्हर्टआयओ-आरएनजीच, असं माझं मत तेव्हाही होतं, आजही आहे. तिसरी एक पळवाट मला तिथल्या एका उत्साही पोरानं सुचवली, रँडम काढून त्याजागी यूरँडमची लिंक टाकायची. इथं तिचा काहीच उपयोग नव्हता, कारण गेटरँडम कुठली फाइल उघडतच नाही.

आरएनजी घातल्यावर सीरियलवर पाहिलं. ‘सीआरएनजी इनिट डन’ आता दुसऱ्या-तिसऱ्या सेकंदाला येत होतं, नेटवर्क वर यायच्याही आधी. मग खरी परीक्षा: होस्टची वायर काढली, घातली, बटण दाबलं आणि कोणीच कुठल्या पडद्यासमोर बसलं नाही. ताईंच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये रिपोर्टचं पान उघडेपर्यंत जो वेळ गेला तो सगळा होस्टच्या बायोसचा. जुन्या सर्व्हरचं बायोस मेमरी मोजायला जो वेळ घेतं त्यावर माझ्याकडे इलाज नाही.

गंमत म्हणजे त्याच सुमाराला हाच प्रश्न लिनक्स कर्नलच्या मंडळींमध्ये पेटला. कर्नलच्या 5.3 च्या चाचणी आवृत्त्यांमध्ये ईएक्सटी4 फाइलसिस्टीमला वेगवान करणारा एक बदल झाला होता. डिस्कच्या फेऱ्या कमी झाल्या, म्हणून इंटरप्ट कमी झाले, म्हणून एन्ट्रॉपी कमी पडली, आणि एका लॅपटॉपचं बूट अडकलं. फाइलसिस्टीम सुधारली म्हणून बूट थांबलं! लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सनं 15 सप्टेंबरला 5.3 सोडताना तो बदल मागे घेतला. बदलात चूक काहीच नव्हती, तरीही. पुढे 5.4 मध्ये त्यानं अशी सोय केली की गेटरँडमवर कोणी अडकलं तर कर्नल नुसतं बसून न राहता सीपीयूच्या वेळांतून स्वतःच एन्ट्रॉपी निर्माण करायला लागेल. ती आवृत्ती नोव्हेंबर 2019 मध्ये आली. 2021 च्या डेबियन 11 मध्ये 5.10 कर्नल असल्यानं तिथून पुढे हा त्रास जवळपास संपला.

त्या वादात दोन्ही बाजू मला पटत होत्या. बूट अडकून राहणं हे कुठल्याही वापरणाऱ्याला मान्य होणार नाही, लॅबच्या डॉक्टरांना तर नाहीच. पण ‘द्या काहीतरी आणि सोडा पुढे’ याचीही किंमत मोजून झालेली आहे. 2012 मध्ये सुरक्षा-संशोधक नादिया हेनिंगर आणि तिच्या सहकाऱ्यांनी इंटरनेटवरच्या यंत्रांच्या एन्क्रिप्शनच्या सार्वजनिक किल्ल्या गोळा करून तपासल्या, तेव्हा पुष्कळ राउटर आणि तत्सम उपकरणांच्या किल्ल्या एकमेकींशी जुळल्या किंवा सहज फोडता आल्या. कारण हेच, पहिल्या बूटला एन्ट्रॉपी नसताना बनवलेल्या किल्ल्या. पेशंटचे रिपोर्ट असलेल्या मशीननं एसएसएचसाठी थोडं थांबलेलं मला चालतं. थांबायला लागू नये याची सोय करणं हे होस्ट सांभाळणाऱ्याचं काम.

ते टोकन कशासाठी होतं हे शेवटी मी पुरवठादाराला फोन करून विचारलं. त्याला स्वतःलाच आठवेना. मग त्याच्या जुन्या माणसाला विचारून कळवलं, की कधीकाळी मोबाइलवर रिपोर्ट दाखवायचं एक ॲप करणार होते, त्याची ती तयारी. ॲप झालंच नाही. ओळ मात्र दर बूटला इमानानं सोळा बाइट बनवत राहिली. मी ती काढली, नॅसच्या माउंटची ओळ एफएसटॅबमध्ये ‘नोफेल’ (म्हणजे नाही सापडला तरी बूट थांबवू नको) लावून हलवली, आणि रिपोर्टच्या सेवेला रीतसर सिस्टमडीची युनिट फाइल करून दिली, म्हणजे आरसी डॉट लोकलची गरजच उरली नाही.

फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, ‘‘साहेब, दुसऱ्या लॅबमध्येपण हाच प्रकार चाललाय वाटतं. तिथं पूर नव्हता, तरी सकाळी लवकर उठत नाही म्हणतात.’’ तीच डिस्क त्यानं सगळीकडे नेली होती. मी त्याला एक्सएमएलच्या तीन ओळी पाठवल्या. त्याचं उत्तर आलं की बाकी ठिकाणी होस्टचा पासवर्ड त्याच्याकडे नाही, गेस्टपुरताच प्रवेश आहे. मग म्हटलं, तुमच्यासाठी हॅवेज्डच बरं, टाका सगळीकडे. त्यानं त्या आठवड्यात ते टाकलं.